आवाजासाठी काढलेली ब्लँकेटं

हॉलमध्ये शिरल्या शिरल्या मी एक टाळी वाजवली. ही आमच्या धंद्यातली सवय. डॉक्टर आधी जीभ बघतो, तसे आम्ही टाळी वाजवतो आणि ती कशी विरते ते ऐकतो. त्या सकाळी माझी टाळी विरलीच नाही. वाजली आणि तिथेच पडली.

मी दिवे लावायला सांगितले, आणि कारण समोर दिसलं. पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत प्रत्येक खुर्चीवर एकेक राखाडी ब्लँकेट, नीट घडी करून ठेवलेलं. शेजारी हॉलचे मॅनेजर ओनुमा-सान उभे होते. आपण केलेल्या कामाचं कोणीतरी कौतुक करणार आहे अशा थाटात ते हसत होते. कार्यक्रम दुपारी होता.

"ही कुठून आली?" मी विचारलं.

"आमचीच आहेत. गावातल्या बायकांनी धुऊन दिली. काल संध्याकाळी सगळ्यांनी मिळून मांडली."

मी म्हटलं, "छान." दुसरं काय म्हणणार?

आता मी कोण ते सांगतो. मी अकूस्टिक इंजिनियर. ऑफिस जपानात, त्सुकुबाला. हे सांगितलं की पुण्यातले नातेवाईक विचारतात, "म्हणजे साउंड सिस्टिमवाला का?" नाही. साउंड सिस्टिमवाला स्पीकर लावतो. आम्ही भिंत, छत, खुर्ची आणि पडदा यांचं काम करतो, म्हणजे स्पीकर नसताना आवाज कसा वागेल ते बघतो. मूळचा मी मिरजेचा. मिरजेत तंबोरे आणि सतारी करणाऱ्यांची गल्लीच आहे, त्यामुळे मी त्यातलाच असणार अशी जपानी लोकांची गोड समजूत होते. माझे वडील पाटबंधारे खात्यात होते. पण समजूत गोड असल्यामुळे मी ती फारशी दुरुस्त करत नाही.

आमच्या कामातली एकच गोष्ट इथे समजून घ्यायला लागेल. वाद्य थांबल्यावरही आवाज हॉलमध्ये थोडा वेळ घुमत राहतो. याला आम्ही रिव्हर्ब म्हणतो, आपण घुमारा म्हणू. घुमारा जास्त झाला की सगळं एकमेकांत कालवलं जातं. कमी झाला की सूर कोरडे पडतात, आणि कितीही चांगला वाजवणारा असला तरी क्लासमध्ये रियाज करतोय असं वाटतं. लाकूड, काँक्रीट आवाज परत फेकतात. कापड आवाज खातं. माणूसही खातो, कारण माणूस म्हणजे आमच्या हिशोबात कपडे घातलेलं मऊ सामान. म्हणून रिकाम्या हॉलची आणि भरलेल्या हॉलची मोजणी आम्ही वेगवेगळी करतो.

हा हॉल इबाराकी प्रांताच्या उत्तर भागात, समुद्रापासून आत असलेल्या एका छोट्या गावाचा. २०११च्या मोठ्या, त्सुनामीवाल्या भूकंपात त्याचं छत खाली आलं. दुपारची वेळ होती, आत कोणी नव्हतं, म्हणून निभावलं. जाड, जड प्लास्टरच्या पाट्यांचं छत होतं ते. वजनदार छत आवाजाला उत्तम आणि डोक्याला वाईट. भूकंपानंतर असली छतं पुन्हा टांगायला कोणीच तयार नव्हतं. आम्ही त्या जागी तंबूच्या कापडासारखं हलकं छत लावलं आणि गेलेला घुमारा भरून काढायला स्टेजभोवती आणि बाजूच्या भिंतींवर लाकडी पॅनेलं बसवली. कोन बदलून बदलून, पॅनेलं हलवून हलवून मी त्या हॉलमध्ये एक अख्खा उन्हाळा घालवला. शरद ऋतूत गावकऱ्यांना बोलावून, खुर्च्यांवर बसवून मोजणी केली. हेही आमच्यात असतं. लोक येतात, दोन तास चिडीचूप बसतात, आम्ही आवाज सोडतो आणि मोजतो. शेवटी सगळ्यांना चहा. आकडा आला दीड सेकंद. मला हवा होता तेवढाच. हिवाळ्यात लोक कोट घालून बसतील, तेही मी कागदावर धरलं होतं.

ब्लँकेट मात्र धरलं नव्हतं.

त्या दुपारचा कार्यक्रम स्ट्रिंग ट्रिओचा होता. म्हणजे तीनच वाद्यं: व्हायोलिन, व्हायोला आणि चेलो. पियानो नाही, माइक नाही. मोठा ऑर्केस्ट्रा असला की हॉलचे दोष झाकले जातात. तिघांत काहीच झाकलं जात नाही. एकजण थांबला की उरलेल्या दोघांच्या मधली जागा रिकामी ऐकू येते, आणि ती जागा हॉलने भरायची असते. आमच्या दृष्टीने यापेक्षा कडक परीक्षा नाही.

खरं तर ते चौघे होते. व्हायोला वाजवणाऱ्या कानेको-सेन्सेई, म्हणजे कानेको बाई, या गावच्या शाळेत संगीत शिकवायच्या. निवृत्त झाल्यावर याच हॉलच्या मागच्या खोलीत मुलांना शिकवू लागल्या. बाकी तिघे त्यांचे जुने विद्यार्थी, आता टोकियोत नावारूपाला आलेले. दर वर्षी ते इथे येऊन सेन्सेईंबरोबर वाजवायचे. भूकंपानंतर त्यातली एकजण किरणोत्सर्गाच्या भीतीने मुलांना घेऊन पश्चिमेकडे राहायला गेली आणि परत आली नाही. म्हणून सेन्सेईंनी सगळा कार्यक्रमच तिघांच्या रचनांचा केला. चौथ्या खुर्चीवर नवीन कोणी बसवायला त्या तयार नव्हत्या.

आणि हा कार्यक्रम नुसता कार्यक्रम नव्हता. गावच्या कौन्सिलमध्ये दोन तट होते. एकाचं म्हणणं, हॉल दुरुस्त झालाय, तसाच चालवा. दुसऱ्याचं म्हणणं, म्हाताऱ्या माणसांच्या गावात हॉल कोणाला हवाय, खुर्च्या काढा आणि जमीन सपाट करून व्यायामशाळा करा. निर्णय वसंतात व्हायचा होता. कौन्सिलची मंडळी या दुपारी पहिल्या रांगेत बसणार होती. ओनुमा-सान मला आठवडाभर एकच वाक्य सांगत होते, "शिरीष-सान, त्या दिवशी लोकांनी आणि आवाजाने, दोघांनी साथ दिली पाहिजे." त्यातलं आवाजाचं मी बघत होतो.

तर ब्लँकेटं. ती होती भूकंपाच्या वेळची. किनाऱ्यावरची माणसं तेव्हा या गावच्या शाळेच्या जिममध्ये येऊन राहिली होती. गावातले लोकही, घरं तडकली म्हणून, तिथेच झोपत होते. ती माणसं गेली, ब्लँकेटं राहिली. आता ती हॉलमध्ये का आली, याचं उत्तर हीटिंग. छत पडलं तेव्हा त्यावरचे गरम हवेचे पाइपही गेले. नवा ब्लोअर बाजूच्या खोलीत बसवला होता आणि तो चालू असला की हॉलभर घरघर ऐकू यायची. व्हायोलिनचा अगदी हळू सूर त्यात बुडून जायचा. म्हणून ठरलं होतं की आधी हॉल तापवायचा आणि वाजवायला सुरुवात होताच ब्लोअर बंद करायचा. हे ठरवणाराही मीच. पण पातळ छत, थंड पडलेलं काँक्रीट आणि फेब्रुवारी महिना. ऊब वर गेली की परत येत नव्हती. ओनुमा-सानांनी त्यावर त्यांच्या परीने उपाय शोधला होता.

साडेदहाच्या सुमारास तिघे तालमीला बसले. माझे बॉस निशिदा-सान टोकियोहून आले होते, ते माझ्या शेजारी उभे राहिले. तिघांनी पहिली रचना सुरू केली. खेळकर, पळती रचना होती. सूर निघत होते आणि ब्लँकेटांत जाऊन झोपत होते. चेलोवाल्या हारा-सान मध्येच थांबल्या, आपल्या वाद्याकडे बघितलं आणि पुन्हा सुरू केलं. चूक वाद्याची नाही हे मला ठाऊक होतं.

"किती?" निशिदा-सानांनी विचारलं.

"एक सेकंदाच्या खाली. लोक बसल्यावर अजून उतरेल."

"आपण काय कबूल केलंय?"

"दीड."

त्यांनी ओठ आवळून श्वास आत ओढला. जपानी बॉसने असा श्वास ओढला की समजायचं, आता पुढचं तुम्ही बोला.

आम्ही स्टेजजवळ जमलो. मी सेन्सेईंना ब्लँकेटांचा प्रॉब्लेम सांगितला. त्या सत्तरीच्या, बारीक अंगाच्या, बोलायला अगदी साध्या. त्यांनी व्हायोला मांडीवर आडवा ठेवला.

"म्हणजे आवाज कोरडा येतोय तो यामुळे?"

"हो. एवढं कापड कुठल्याच हॉलला झेपणार नाही."

"मग आम्ही थोडा जोर लावून वाजवतो. लोकांना ऊब असू दे."

"जोर लावून घुमारा येत नाही, सेन्सेई. आवाज मोठा होईल, पण कोरडाच राहील. उलट जास्त कळेल."

त्या मान हलवत ऐकत होत्या. ओनुमा-सानांनी विचारलं, "अर्धी काढली तर? एकाआड एक?" आणि लगेच स्वतःच म्हणाले, "नाही, ते नको. शेजारच्याकडे आहे आणि आपल्याकडे नाही, असं आमच्या गावात चालणार नाही. जिममध्ये पहिल्या दिवशी ब्लँकेटं कमी आली होती. सगळ्यांना पुरतील इतकी येईपर्यंत आम्ही वाटलीच नाहीत. लोक थंडीत बसून राहिले. कोणी मागितलं नाही."

हे वाक्य मी ऐकलं. नीट ऐकलं. त्यातलं आवाजाच्या कामाचं काही नव्हतं म्हणून सोडून दिलं.

"ब्लोअर चालू ठेवला तर?" निशिदा-सान म्हणाले.

"मग हळू सूर ऐकूच येणार नाहीत. संथ रचना वायाच गेली समजा."

ओनुमा-सान माझ्याकडे वळले. "शिरीष-सान, तुम्ही सांगा. काय करायचं?"

मी म्हटलं, "खुर्च्यांवरची ब्लँकेटं काढू. बाहेर दारापाशी टेबलावर ठेवू. पाटी लावू, थंडी वाटली तर निःसंकोच घ्या. ज्यांना खरंच गरज आहे ते घेतील. आठ-दहा ब्लँकेटांनी काही बिघडत नाही."

मला हा तोडगा फार आवडला होता. सगळ्यांची सोय, कोणावर जबरदस्ती नाही. पुण्यात असं टेबल मांडलं असतं तर पाच मिनिटांत साफ झालं असतं. चार जणांनी दोन-दोन घेतली असती, आणि एखादं रिक्षाने घरीही गेलं असतं.

ओनुमा-सानांनी जवळचं एक ब्लँकेट उचललं. मग म्हणाले, "ठेवतो. पण कोणी घेणार नाही."

"मग तर प्रश्नच मिटला," मी म्हणालो.

मी हे हसत म्हणालो होतो. ते हसले नाहीत. सेन्सेई म्हणाल्या, "तज्ज्ञ तुम्ही आहात," आणि पुन्हा वाद्य लावायला लागल्या. यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर कदाचित मी थांबलो असतो.

आम्ही सगळ्यांनी मिळून ब्लँकेटं उचलली. निशिदा-सानही सूट घालून ओझी वाहत होते. ब्लँकेटांना साबणाचा वास येत होता. शेवटचा गठ्ठा बाहेर गेल्यावर मी टाळी वाजवली, आणि हॉलने ती छान परत दिली. मला अगदी हायसं वाटलं.

दुपारी लोक येऊ लागले. गाव छोटं, पण हॉल जवळजवळ भरणार असं दिसत होतं. बहुतेक सगळे वयस्क. टोप्या, मफलर, जाड कोट, काहींच्या खिशात कायरो. कायरो म्हणजे फोडलं की तापणारी छोटी पुडी, इथे हिवाळ्यात सर्रास वापरतात. तिने तळहात तापतो, बाकीचा माणूस तसाच राहतो. टेबलावर ब्लँकेटांचा नेटका ढीग होता आणि वर ओनुमा-सानांच्या अक्षरातली पाटी. लोक पाटी वाचत, ढिगाकडे बघत, किंचित मान लववत आणि आत जात.

माझी बायको वैदेही त्सुकुबाहून गाडी चालवत आली होती. वर्षभर मी घरी दुसरं काही बोललोच नव्हतो, त्यामुळे तिला हा हॉल एकदा बघून टाकायचा होता. ती टेबलापाशी आली, पाटी वाचली आणि सरळ वरचं ब्लँकेट उचललं.

"शिरीष, हे घेऊ ना? आत काय मरणाची थंडी आहे. मी आत्ताच डोकावून आले."

मी इकडेतिकडे बघितलं. रांगेतलं कोणीच आमच्याकडे बघत नव्हतं. म्हणजे सगळ्यांचं लक्ष होतं.

"नको गं, ठेव. कोणी घेत नाहीये."

"अरे, पण घेण्यासाठीच ठेवलंय ना? लिहिलंय की इथे."

"लिहिलंय. पण बरं दिसत नाही. मी इथला इंजिनियर, आणि माझीच बायको पहिली. ठेव ना."

तिने माझ्याकडे एकदा बघितलं आणि ब्लँकेट परत ठेवलं. घडी मोडली होती, ती नीट करून ठेवलं.

तिच्या मागे जांभळी लोकरी टोपी घातलेल्या एक आजी होत्या. वैदेहीने ब्लँकेट उचललं तेव्हा त्यांचा हातही ढिगाकडे निघाला होता. मी तो बघितला. हातमोजा घातलेला, बोटं थोडी वाकलेली. वैदेहीने ब्लँकेट ठेवलं आणि तो हात मागे गेला. कोटाच्या खिशात गेला. आजी आमच्याकडे बघून हसल्या, वाकल्या आणि आत गेल्या. त्यांच्या मागच्या सगळ्यांनी तेच केलं.

जपानमध्ये पहिलं कोणीतरी व्हावं लागतं. एकाने केलं की दहा जण करतात, पण तो एक व्हायला कोणी तयार नसतं. परदेशी माणसाचा इथे एकच मोठा उपयोग असतो. त्याला नियम माहीत नसतात, म्हणून तो पहिला होतो आणि बाकीच्यांची सोय होते. वैदेही आपणहून पहिली होत होती. मी इतकी वर्षं इथे राहून जपान्यांपेक्षा जपानी झालो होतो. मीच तिला अडवलं.

पहिला भाग सुंदर झाला. हे मला लिहावंच लागेल, कारण ते खरं आहे. पळत्या रचनेतला एक एक सूर वेगळा कळत होता आणि तरी सुटा पडत नव्हता. व्हायोलिन थांबलं की चेलोचा आवाज भिंतीवरून अलगद खाली यायचा. मी शेवटच्या रांगेत उभा होतो, मीटर हातात धरून. आकडा पाहायची गरजच नव्हती. कौन्सिलमधले एक गृहस्थ, व्यायामशाळेच्या बाजूचे, पुढे झुकून ऐकत होते. ओनुमा-सानांनी लांबून मला तो माणूस डोळ्यांनी दाखवला.

दुसरी रचना सुरू झाली तेव्हा ब्लोअर बंद होऊन बराच वेळ झाला होता. समोर पाठीच पाठी दिसत होत्या. मला हळूहळू दिसायला लागलं की सगळे खांदे वर आलेत. हात काखेत गेलेत. जांभळ्या टोपीच्या आजी वैदेहीच्या शेजारच्या खुर्चीवर होत्या. त्या आपल्याच हातांवर बसल्या होत्या. कोणी खोकत नव्हतं, कोणी हलत नव्हतं. आपल्याकडे एव्हाना मागून कोणीतरी ओरडलं असतं, "अहो, ते हीटर लावा की!" आणि त्या एका आरडाओरड्याने हॉल वाचला असता. इथे सगळे सोसत होते, आणि सोसणाऱ्याचा आवाज होत नाही. माझ्या मीटरला तर नाहीच.

मध्यंतर झालं. जोरदार टाळ्या झाल्या. लोक उठले, बाहेर आले आणि मला दिसलं की बरेच जण चहाच्या टेबलाकडे न जाता बाहेरच्या दाराकडे चाललेत. जाताना ओनुमा-सानांपुढे थांबून वाकत होते. "फार छान आवाज होता." "छान ऐकायला मिळालं." "सेन्सेईंना सांगा." एकानेही थंडीचं नाव काढलं नाही. कोणी म्हणे घरी पाहुणे यायचेत, कोणी म्हणे बस आहे. जांभळ्या टोपीच्या आजींनी वैदेहीला वाकून नमस्कार केला आणि काठी टेकत निघून गेल्या. वाजवणाऱ्यांपुढून मध्येच उठणं वाईट दिसतं म्हणून ते सगळे मध्यंतरापर्यंत थांबले होते, एवढंच.

मी ओनुमा-सानांकडे धावलो. "ब्लँकेटं आत नेऊ? आत्ता वाटू, प्रत्येकाला, हातात देऊ."

"आता?" ते म्हणाले. "जे राहिलेत त्यांना दिली, तर गेलेल्यांना काय वाटेल?"

मला तेव्हा त्यांचा राग आला. आज येत नाही.

दुसऱ्या भागात हॉल अर्ध्याहून जास्त रिकामा होता. पहिली रांग तेवढी भरलेली, कारण पाहुण्यांना उठता येत नाही. त्यांनी मागे वळून पाहिलं. व्यायामशाळेवाल्या गृहस्थांनीही पाहिलं आणि परत समोर तोंड केलं.

आणि मग तिघांनी ती शेवटची, लांब, संथ रचना सुरू केली. माणसं गेली होती, त्यांचे कोट गेले होते, आवाज खाणारं काही उरलं नव्हतं. मोकळ्या लाकडी खुर्च्यांवरून सूर परतून येत होता. सेन्सेईंचा व्हायोला, जो एरवी दोघांच्या मध्ये दबतो, तो हॉलभर उभा राहिला. मी या धंद्यात कितीतरी हॉल ऐकलेत, मोठे, नावाजलेले. इतका सुंदर आवाज मी कुठेच ऐकलेला नाही. माझं आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम मी त्या दुपारी ऐकलं आणि मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

गाडीत निशिदा-सान म्हणाले, "डेटा उत्तम आहे." ते चांगल्या मनाने म्हणाले होते. ऑपरेशन यशस्वी, पेशंट दगावला. हे जपानीत कसं म्हणतात मला माहीत नव्हतं, म्हणून मी नुसतं "हाय", म्हणजे "हो", म्हटलं.

वसंतात निर्णय झाला: व्यायामशाळा. ओनुमा-सानांनी फोन करून अत्यंत अदबीने कळवलं. कौन्सिलमध्ये आवाजाबद्दल सगळे चांगलंच बोलले म्हणे. विरोधकांनीसुद्धा. फक्त एकाने विचारलं, इतका चांगला कार्यक्रम, फुकट, स्वतःच्या गावातल्या बाईंचा, आणि तरी लोक अर्ध्यातून उठून जात असतील तर हॉल नक्की कोणासाठी?  लोक का उठले ते तिथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं, कारण तेही गारठले होते. पण थंडी वाजली असं म्हणणं म्हणजे ओनुमा-सानांच्या व्यवस्थेला नावं ठेवणं. ती कोण ठेवणार?

"मी सांगितलं असतं," मी म्हणालो. "मला बोलवायचं होतंत."

"धन्यवाद," ते म्हणाले. "पण तुम्ही आमच्यासाठी आधीच खूप केलंत."

मी मिठाईचा डबा घेऊन कानेको-सेन्सेईंच्या घरी गेलो. माफी मागायला जाताना इथे रिकाम्या हाताने जात नाहीत. हॉलमागची खोली सोडून त्यांनी घरच्या एका खोलीत शिकवणी सुरू केली होती. चटया, पडदे, पुस्तकांची कपाटं. त्या खोलीत आवाज कसा असेल ते मला दारातूनच कळलं. मी टाळी वाजवली नाही.

मी बोलायला सुरुवात केली. त्यांनी हाताने थांबवलं आणि चहा ओतला.

"शेवटच्या रचनेत आवाज फार सुंदर होता," त्या म्हणाल्या. "तुम्हालाही ऐकू आला ना?"

"हो, सेन्सेई."

"मला वाजवता वाजवता इतकं बरं वाटलं की मी लोकांना विसरले. मग रचना संपली, मी वर बघितलं. कोण गेलंय ते मला कळत होतं. सगळ्यांना मी ओळखते, निम्म्यांना मी शिकवलंय." त्यांनी कपाटाकडे बोट केलं. त्यावर संत्र्यांच्या पिशव्या, लोणच्याच्या बरण्या, बिस्किटांचे डबे रचलेले होते. "दुसऱ्या दिवसापासून सगळे एकेक करून येत होते. अर्ध्यातून उठलो म्हणून माफी मागायला. कौन्सिलचा निर्णय झाल्यावर पुन्हा आले. आमच्यामुळे हॉल गेला म्हणाले. एक आजी इथे बसून रडल्या. मी त्यांना काय सांगायचं, तुम्हीच सांगा."

 मी माझा डबा इतर डब्यांच्या शेजारी ठेवला आणि निघालो.

या सगळ्यातून शिकायचं ते फार मोठं नाही. तज्ज्ञाला प्रश्न विचारला की तो आपल्या विषयापुरतं उत्तर देतो. ओनुमा-सानांनी विचारलं होतं, काय करायचं. मी सांगितलं, आवाजाचं काय करायचं. उत्तर बरोबरच होतं, आजही कोणी तपासून बघावं. सेन्सेई म्हणत होत्या तसा थोडा कोरडा आवाज ऐकला असता लोकांनी, गुडघ्यांवर ब्लँकेटं घेऊन. शेवटपर्यंत बसले असते. कोरडा आवाज कोणाला कळला असता? मला आणि निशिदा-सानांना.

हल्ली हिवाळ्यात एखाद्या हॉलचं काम असलं की मी मशिनं उघडण्याआधी कोट काढून एका खुर्चीवर नुसता बसून राहतो. ज्युनियर मुलांना वाटतं, सर काहीतरी खोल ऐकतायत. मी काही ऐकत नसतो. मला थंडी वाजली की उठतो आणि हीटिंगच्या माणसाला फोन लावतो. वरातीमागून घोडं, पण निदान पुढच्या वरातीला उपयोगी पडतं.

वैदेहीने त्या ब्लँकेटाचा विषय आजवर एकदाही काढलेला नाही. एरवी ती काही सोडत नाही. मी कुठली बिलं भरायला विसरलो तेसुद्धा तिला तारखेनिशी पाठ असतं. हे मात्र ती बोलत नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.